दोन कंपन्यांच्या रॅम, एक मदरबोर्ड आणि आठ आठवडे

डेस्कटॉपमध्ये ८ जीबीची जुनी रॅम होती, तिच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ८ जीबी टाकायची, एवढंच काम होतं. दुकानात विचारलं तर "कुठलीही चालते". नेटवर शोधलं तर "चुकूनही करू नका". खरं काय ते कळायला मला १७ जून ते १२ ऑगस्ट २०२३ असे आठ आठवडे लागले. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली तर निदान घाबरायला होऊ नये, म्हणून जसं घडलं तसं तारखांसकट लिहून काढते आहे.

मी रत्नागिरीत घरून डीटीपीची कामं करते. मशीन नोव्हेंबर २०१९ मधलं. रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे अहवाल, एवढ्याला ते पुरत होतं.

अडलं ते आत्याच्या वह्यांपाशी. आत्या संगमेश्वर तालुक्यात शाळेत शिकवायची. जात्यावरच्या ओव्या गावोगावच्या बायकांकडून तिने वर्षानुवर्षं उतरवून घेतल्या. अशा अकरा वह्या. काही पानं शाईची, काही पेन्सिलची, दोन वह्यांना वाळवी लागलेली. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी ठरवलं की वह्या स्कॅन करायच्या, ओव्या टाईप करायच्या आणि घरापुरतं पुस्तक काढायचं. गणपतीत सगळे गावी जमतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती.

पेन्सिलचं पुसट अक्षर उमटावं म्हणून ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन घेत होते. ए४ पानाची अशी एक टिफ फाइल सुमारे १०४ एमबीची होते. फोटोशॉपमध्ये तीन-चार पानं उघडली की मशीन थबकायचं. एक पान सुधारून जतन करायला ४०-४५ सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबीपैकी ५.९ जीबीच वापरायला मिळतेय असं दिसायचं, कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने २ जीबी स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. रॅम वाढवणं भाग होतं.

१७ जूनला, शनिवारी, कॅबिनेट उघडलं आणि पट्टी काढून लेबलचा फोटो घेतला. तुम्हीही आधी हेच करा. लेबलवर कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं बरंच काही असतं. माझ्या पट्टीवर ८ जीबी, १आर×८, २६६६ (हा वेग), सीएल १९ (मागितलेली माहिती द्यायला रॅमला लागणारे ठोके), १.२ व्होल्ट असं होतं. १आर×८ म्हणजे एकच रँक (एकत्र काम करणारा चिपांचा गट) आणि त्यात प्रत्येकी ८ बिटांच्या आठ चिपा. याच ८ जीबीची १आर×१६ अशी चारच चिपांची पट्टीही मिळते. तिच्यात बँक ग्रुप, म्हणजे चिपेच्या आतले साठवणीचे गट, निम्मे असतात, त्यामुळे ती थोडी संथ पडते. जोडी लावायची तर हा आकडा जुळलेला बरा.

अगदी तीच पट्टी शोधली, मिळाली नाही. त्याच नावाची नवी पट्टी दिसत होती, पण तिच्यावरच्या चिपा वेगळ्या. ही गोष्ट मला तेव्हा प्रथमच कळली. रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. किंग्स्टनसारख्या बाकीच्या कंपन्या त्यांच्याकडून चिपा घेऊन पट्ट्या तयार करतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या पट्ट्या आतून वेगळ्या निघू शकतात. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांवर एकाच कारखान्यातल्या चिपा असू शकतात. "एकाच ब्रँडची घ्या" हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. जुळलेली जोडी हवी तर एका पाकिटात मिळणाऱ्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. तशी जोडी घेतली असती तर खर्च दुप्पट झाला असता आणि चांगली चालणारी जुनी पट्टी कपाटात पडली असती. मला ते पटेना.

१९ जूनला दुकानात गेले. "डीडीआर४च आहे ना ताई? मग कुठलीही चालते," दुकानदार म्हणाले. "२६६६ आता कोणी मागवत नाही, ३२०० च घ्या. वेग कमी करून चालेल ती." हे त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, एवढं आज म्हणू शकते. फक्त त्यात एक बारीक तपशील राहून गेला होता. माल कोल्हापूरहून यायचा होता. शुक्रवारी, २३ जूनला आला. १,६५० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून मागितला. त्याचा पुढे उपयोग झाला.

२४ जूनला पट्टी बसवली. प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी हातात घ्यायची, आणि तीही कडेने धरून. सोनेरी दात्यांना बोट लावायचं नाही. आमच्याकडे समुद्राची हवा आणि त्यात पावसाळा, त्यामुळे जुन्या पट्टीचे दाते थोडे काळवंडले होते. खोडरबरने घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण रबराचा भुसा स्लॉटमध्ये जातो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाचा बोळा ओला करून पुसलं आणि वाळू दिलं. पट्टीतली खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांना सारखा जोर दिला, की 'खट्' असा आवाज येतो. तो आला नाही तर पट्टी बसलेली नाही असं समजा.

जुनी पट्टी प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये होती. नवी मी तिच्या शेजारी, पहिल्यात बसवली. ही पहिली चूक, पण ती कळायला अजून नऊ दिवस होते.

बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला. पंखे फिरतायत, दिवा लागलाय, पुढे काही नाही. पोटात गोळा आला. मशीन बंद करणार तेवढ्यात चित्र आलं. नवी रॅम पाहिल्यावर बोर्ड आधी तिच्याशी वेग आणि वेळा (एकेका कामासाठी रॅमला किती ठोके थांबावं लागतं ते आकडे) जुळवून बघतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि पहिल्या वेळी त्याला वेळ लागतो. घाईने बटण दाबू नका, दोन-तीन मिनिटं थांबा.

टास्क मॅनेजरमध्ये १३.९ जीबी दिसली आणि जीव भांड्यात पडला. मात्र वेग २४०० दाखवत होता. जुनी एकटी असताना २६६६ होता! म्हणजे रॅम वाढली आणि वेग घटला.

कारण असं. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये तिच्यात ५१२ बाइट माहिती मावते. ही पट्टी कोणत्या वेगाला, कोणत्या वेळांवर, किती व्होल्टवर चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना बायोस (बोर्डमधलाच, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) दोन्ही पट्ट्यांची माहिती वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग धरतो. माझ्या नव्या पट्टीच्या पाकिटावर ३२०० छापलं होतं, पण तो एक्सएमपीचा वेग होता. एक्सएमपी म्हणजे १.३५ व्होल्ट देऊन, बायोसमध्ये आपण मुद्दाम चालू करायची मांडणी. ती चालू केली नाही तर माझी पट्टी मुळात २४०० ची. दुकानात राहून गेलेला तपशील हाच. नवी पट्टी घेताना पाकिटावरचा वेग बघायचा, आणि एक्सएमपीशिवाय तिचा मूळ वेग किती तेही विचारायचं. १.२ व्होल्टवर मुळातूनच ३२०० ला चालणाऱ्या पट्ट्या मिळतात. जुन्या पट्टीला जोड म्हणून त्या जास्त सोयीच्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं. माझ्या बोर्डवर त्याला ए-एक्सएमपी म्हणतात, काही बोर्डांवर डीओसीपी असं नाव असतं. मशीन तीनदा आपोआप बंद-चालू झालं आणि परत जुन्या मांडणीवर आलं. ३२०० जुन्या पट्टीला झेपलं नाही. ती मुळात २६६६ ची, तिच्याकडून ती अपेक्षाच गैर होती. तिथे थांबायला हवं होतं. पण प्रोसेसरला २९३३ पर्यंतचा वेग अधिकृतपणे चालतो असं वाचलेलं, म्हणून मी २९३३ निवडून पाहिलं. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, फोटोशॉपही उघडलं. मला वाटलं, झालं काम.

माझं सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीने केलं. मशीन सुरू होणं वेगळं आणि रॅम बिनचूक चालणं वेगळं. मी चार दिवस झपाट्याने स्कॅनिंग केलं, सातव्या वहीची ६३ पानं. २९ जूनला आषाढी एकादशी. दुपारी पहिल्यांदा निळी स्क्रीन आली, खाली मेमरी मॅनेजमेंट असा संदेश. विजेचा लपंडाव चालू होता, म्हणून दोष विजेला दिला. १ जुलैला पुन्हा निळी स्क्रीन, या वेळी संदेश वेगळा. दरवेळी वेगळा संदेश येत असेल तर रॅमकडे बघावं, हे नंतर कळलं.

२ जुलैला मी त्या ६३ पानांची झिप करून भावाला पाठवली. त्याच्याकडे ती उघडेना, सीआरसीची चूक, म्हणजे आतला मजकूर बिघडल्याची खूण, दाखवत होती. पुन्हा केली, पुन्हा तेच. मग एकेक टिफ उघडून बघत बसले. दोन पानांवर आडवा, भलत्याच रंगाचा पट्टा आला होता, ओवीच्या बरोबर मध्यावरून. बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढलेली प्रत आणि मशीनमधली प्रत सेव्हन-झिपमधून एसएचए-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो) काढून ताडून पाहिल्या, तर आणखी पाच फाइलींचे आकडे जुळेनात. डोळ्यांना ती पानं धड दिसत होती.

त्या रात्री झोप लागली नाही. वह्या घरात होत्या, पानं पुन्हा स्कॅन करता येणार होती, हे खरं. पण समजा या स्कॅनच्या भरवशावर वह्या आधीच पेटीत बंद करून गावी पाठवल्या असत्या तर? रॅम चुकली की ती ओरडून सांगत नाही. चुकलेला बिट तसाच फाइलीत जातो आणि फाइल जतन होते. सर्व्हरमध्ये चुका पकडणारी ईसीसी रॅम असते, आपल्या साध्या डेस्कटॉपमधल्या पट्ट्यांत ती सोय नसते. २५ जूननंतर हात लावलेली प्रत्येक फाइल मी 'संशयित' नावाच्या फोल्डरमध्ये हलवली आणि ठरवलं, मशीन तपासून होईपर्यंत वह्यांचं काम बंद.

३ जुलैला ३२० रुपयांचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि त्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चढवलं. ही चाचणी विंडोज सुरू न करता, थेट पेनड्राइव्हवरून चालवायची असते. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करू देते. १६ जीबीला माझ्याकडे साडेतीन तास लागत होते. २९३३ वर पहिल्या फेरीतच अकरा चुका लाल अक्षरांत आल्या. एकसुद्धा चूक चालत नाही, शून्यच हवं.

मग एकेका पट्टीची स्वतंत्र चाचणी. नवी एकटी, ३२०० वर, चार फेऱ्या, शून्य चुका. जुनी एकटी, २६६६ वर, शून्य चुका. दोन्ही निर्दोष! याच वेळी सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघताना चॅनेलच्या पुढे 'सिंगल' लिहिलेलं दिसलं. मदरबोर्डचं पुस्तक काढून वाचलं. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असं त्यात चित्रासकट दिलं होतं. मी पहिल्या-दुसऱ्यात बसवून दोघींना एकाच वाटेवर, म्हणजे एकाच चॅनेलवर, ढकललं होतं. २६६६ च्या एका वाटेवरून सेकंदाला २१.३ जीबी जाऊ शकतात, दोन वाटा उघडल्या की ४२.६. ग्राफिक्सही याच रॅममधून चालत असल्यामुळे माझ्यासाठी हा फरक मोठा होता. (सीपीयू-झेड वेग अर्धा दाखवतो, २६६६ ऐवजी १३३३. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते म्हणून तसं दिसतं, त्याने घाबरू नका.)

नवी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये नेली. वेग २६६६ ठेवला आणि वेळा जुन्या पट्टीच्या हाताने भरल्या, १९-१९-१९-४३. जी पट्टी संथ तिच्या वेळा दोघींना द्यायच्या, हा नियम. ५ जुलैच्या रात्री चाचणी लावली. दोन फेऱ्या स्वच्छ. तिसऱ्या फेरीत एक चूक. ६ जुलैला पुन्हा लावली, चौथ्या फेरीत एक. अकरावरून एकवर आले होते, पण एकावर मी आत्याची पानं सोपवू शकत नव्हते.

दुकानदार म्हणाले, उघडलेला माल परत घेत नाही, वॉरंटी कंपनीकडे बघा. ७ जुलैला कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज भरला. सिरियल नंबर, जीएसटीचं बिल, लेबलचा फोटो, मदरबोर्डचं नाव. ११ ला उत्तर आलं की पट्टीची एकटीची चाचणी करून चारही फेऱ्यांचा फोटो पाठवा. पाठवला. त्यात चुका शून्य, कारण एकटी ती चांगलीच होती. १९ जुलैला शेवटचं उत्तर आलं. पट्टीत दोष नाही, आणि वेगळ्या पाकिटातल्या पट्ट्या एकत्र चालण्याची हमी कंपनी देत नाही. उत्तर सभ्य होतं आणि नियमाला धरून होतं. तरी बारा दिवस गेलेच. तुम्ही अर्ज करणार असाल तर एकट्या पट्टीच्या चाचणीचा फोटो पहिल्याच मेलला जोडा, एक फेरा वाचेल.

नवी पट्टी तिच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवली आणि जुन्या ८ जीबीवर परत आले. टाईप करायचं काम त्यावर होत होतं, ते करत राहिले. अधिक श्रावण लागला, पाऊस कोसळत होता, आणि सातवी वही टेबलावर तशीच उघडी पडलेली बघून रोज चुटपुट लागायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला एका कार्यासाठी जायचंच होतं. दोन्ही पट्ट्या पर्समध्ये टाकल्या. शुक्रवारी रात्री कोकणकन्या धरली, शनिवारी ५ तारखेला सकाळी दादरला उतरले, आणि तिथून लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडवरची संगणकाच्या सामानाची दुकानं अकराच्या आसपास उघडतात, आधी पोचून उपयोग नाही. माझा विचार होता जुनी पट्टी देऊन नवीच्या जोडीची मिळते का बघावं.

एका दुरुस्तीच्या काउंटरवर चाळिशीतले एक गृहस्थ भिंगातून मदरबोर्ड बघत होते. मी दोन्ही पट्ट्या ठेवल्या आणि माझी वही उघडली. कोणत्या तारखेला कोणत्या मांडणीवर किती चुका आल्या, ते सगळं त्यात लिहिलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं.

"ताई, दोन्ही चांगल्या आहेत. विकू नका एकही," ते म्हणाले. "बायोस कधीचं आहे?"

"मशीन घेतलं तेव्हाचंच. २०१९."

"मग आधी ते नवीन करा. या रायझनच्या बोर्डांना मेमरीची जुळवणी सुधारणारे बदल बायोसमधूनच येत गेलेत. आणि दादागिरी नको करायला रॅमवर. दोघी वेगळ्या घरच्या आहेत, एकत्र नांदवायच्या तर जी हळू चालते तिच्या चालीने चालवा."

"आणि तरी चूक आली तर, दादा?"

"तर व्होल्टेज किंचित वाढवून बघा, कमांड रेट २टी करा, म्हणजे रॅमला हुकूम घ्यायला एक ठोका जास्त मिळतो. पण एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले तर कशाने सुटलं ते कळणार नाही."

किती द्यायचे विचारलं तर हात हलवला आणि परत भिंगाखाली वाकले. मी तिथे काहीही विकत घेतलं नाही आणि ते त्यांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, तरी त्यांनी वीस मिनिटं दिली.

बायोस अपडेटची मला मनापासून भीती वाटत होती. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस होता, पण तीन मिनिटं तग धरत होता. ७ ऑगस्टला त्याची बॅटरी बदलली, १,१०० रुपये. मशीन चालू ठेवून भिंतीचा स्विच बंद केला आणि घड्याळ लावलं, अठरा मिनिटं चाललं. तेवढं पुष्कळ.

९ ऑगस्टला सकाळी लवकर, पाऊस उघडलेला बघून, कामाला बसले. बोर्डचं पूर्ण नाव बोर्डवरच छापलेलं असतं. नावात एका अक्षराचा फरक असला तरी ती वेगळ्या बोर्डची फाइल, म्हणून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांची नावं वगळलेली असतात, तेव्हा ३४००जी यादीत आहे ना तेही पाहिलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला आणि अपडेट बायोसच्या आतूनच केलं, तेही एकटी जुनी पट्टी लावून आणि मूळ वेगावर. अस्थिर रॅमवर बायोस अपडेट करू नका, हे ठळक अक्षरांत समजा. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं. माझ्याकडे ते बंद होतं.

टक्केवारीची रेघ पुढे सरकत होती तेवढ्या चार मिनिटांत मी खुर्चीवरून हलले नाही. मशीन दोनदा बंद-चालू झालं, आणि बायोसच्या कोपऱ्यात नवी तारीख दिसली.

अपडेटनंतर सगळी मांडणी मूळपदावर जाते, ग्राफिक्सची राखीव रॅमसुद्धा, त्यामुळे आधीच्या पडद्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो कामी आले. मशीन बंद करून, प्लग काढून नवी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये बसवली. २६६६, १९-१९-१९-४३, व्होल्टेज १.२ च ठेवलं. त्या दिवशी बायोसखेरीज दुसरं काही बदललं नाही.

रात्री साडेनऊला चाचणी लावली. एक वाजता उठून बघितलं तर चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. १० तारखेला परत, शून्य. ११ ला दिवसभर मशीन कामात ठेवलं, कॅबिनेट तापू दिलं आणि रात्री पुन्हा लावली, कारण गरम झाल्यावर उघड्या पडणाऱ्या चुका थंड मशीनवर दिसत नाहीत. शून्य. व्होल्टेज वाढवायची वेळच आली नाही.

एकूण खर्च ३,०७० रुपये, पट्टी, पेनड्राइव्ह आणि यूपीएसची बॅटरी धरून. नवी पट्टी ३२०० ची असून २६६६ वर चालते, म्हणजे तिच्या वेगाचा काही भाग वाया जातो. मला त्याची खंत नाही. एक टिफ जतन व्हायला आता ११-१२ सेकंद लागतात आणि आठ पानं एकदम उघडी ठेवता येतात. पण ज्याला नवंच मशीन जोडायचं आहे त्याने ही वाट धरू नये, एका पाकिटातली जोडी घ्यावी. ज्याच्याकडे चांगली जुनी पट्टी आहे आणि चार-पाच रात्री चाचणीला देता येतील, त्याने खुशाल वेगळी कंपनी जोडावी. चार पट्ट्या चार कंपन्यांच्या असं मात्र मी करणार नाही, दोघींतच एवढं जुळवावं लागलं.

१२ ऑगस्टला सकाळी सातवी वही पुन्हा पहिल्या पानापासून स्कॅन करायला घेतली, ६३ च्या ६३ पानं. 'संशयित' फोल्डर पुसून टाकला. आता रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या फाइलींचे एसएचए-२५६ आकडे एका मजकूर फाइलीत ठेवते आणि बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतींशी ताडते, दहा मिनिटांचं काम आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवला आहे: स्लॉट २ आणि ४, २६६६, १९-१९-१९-४३, १.२ व्होल्ट, एक्सएमपी बंद, बायोस ९ ऑगस्ट २०२३. बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी कधीतरी संपेल आणि बायोस हे सगळं विसरेल, तेव्हा लागेल.